गरमागरम पाहिजे? मग स्वतः उठा!

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. शाळेतल्या आठवणी, परसातली जास्वंद, पहिला पाऊस हे सगळं पुढच्या वेळी. आज भांडण, आणि तेही घरच्याच माणसांशी. त्यातली निम्मी हे वाचणार आहेत हे ठाऊक असूनच लिहिते आहे.

निमित्त गेल्या शनिवारचं. मुलगा, सूनबाई, नातवंडं पुण्याहून आली होती. धाकटा पुतण्या इचलकरंजीतून आला. (आमचं कबनूर कुठं संपतं आणि इचलकरंजी कुठं सुरू होते, ते मागांच्या खटखटाटात कोणाला कळत नाही.) जेवणं लवकर उरकून सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचं ठरलं. दिवे घालवले, उशा-तक्के आले, सिनेमा सुरू झाला. दहा मिनिटं झाली नसतील, तोच चिरंजीवांनी पडद्यावरची नजर न हलवता हवेत एक वाक्य सोडलं, "काहीतरी गरमागरम असतं तर मजा आली असती."

आता हे वाक्य बघा. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे खोड जात नाही. व्याकरणात ह्याला संकेतार्थ म्हणतात. अमुक असतं तर तमुक झालं असतं. ह्यात कोणी कोणाला काही सांगितलेलं नाही. पण घरात हेच वाक्य पुरुषाच्या तोंडून आलं की त्याचा आज्ञार्थ होतो, आणि कर्ता न सांगता ठरलेला असतो. सूनबाई उठली. आठवडाभर ऑफिस करून, पुण्याहून पाच तास गाडीत बसून आलेली मुलगी, पायावरचं पांघरूण बाजूला करून निमूट उठली.

मी म्हटलं, "बस खाली."

जरा जास्तच जोरात म्हटलं असणार, कारण नातीनं सिनेमा थांबवला. मग मी उठले, चिरमुऱ्यांचा डबा आणि मोठी परात घेऊन आले, आणि सगळ्यांच्या मधोमध बसून बारा मिनिटांत तेल-चटणीचे चिरमुरे कालवले. गॅस पेटवला नाही. एकही माणूस स्वयंपाकघरात उभा राहिला नाही. परात अर्ध्या तासात रिकामी झाली. तरी सकाळी चहाला वन्संचा फोन आलाच (बातमी पुण्यापर्यंत पोचायला रात्र पुरते), "वहिनी, पोरं इतक्या लांबून आली आणि तुम्ही त्यांना चिरमुरे घातलेत होय?"

होय वन्सं, घातले. का घातले ते सांगते.

नव्वदच्या दशकात आमच्या घरी गल्लीतला मोठा टीव्ही होता. रविवारी दुपारी चार वाजता दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा. आमची पंधरा-वीस माणसं सोप्यात मांडी ठोकून बसायची. शेजारचे माग चालू असले तर आवाज मोठा करावा लागे, त्यामुळे स्वयंपाकघरात मला सगळं नीट ऐकू यायचं. हो, ऐकूच. कारण मी कांदाभजी तळत असायची. सासूबाईंचं म्हणणं असं की गार भजी माणसानं तोंडात घालू नयेत, आणि ह्यांचं म्हणणं असं की आईचं म्हणणं बरोबर आहे. पहिला घाणा बाहेर जाईपर्यंत नावं संपलेली असत. दुसऱ्या घाण्याला नायक-नायिका भेटत. मग चहा. मग कोणीतरी उशिरा येई, त्याच्यासाठी तिसरा घाणा. मी भांडी आवरून पदराला हात पुसत दारात उभी राही तोवर पडद्यावर 'समाप्त' येऊन गेलेलं असे, आणि माणसं 'छान होता' म्हणत चपला शोधत असत.

'पिंजरा' मी असाच ऐकला. १९७२ साली थिएटरात गाजत होता तेव्हा माझं नवीन लग्न झालं होतं, जायला मिळालं नाही. पुढे घरात लागला तेव्हा कढईच्या आवाजात अर्धी गाणी गेली. त्यातल्या मास्तरांवर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो हे मला जावेनं भांडी घासताना सांगितलं. मी स्वतः मास्तरीण, आणि त्या मास्तरांचं पुढे काय झालं ते मला राखेच्या हातानं कळावं!

पण खरी गोष्ट 'उंबरठा'ची. जब्बार पटेलांचा, १९८२ सालचा. स्मिता पाटीलनं त्यात सुलभा महाजन केली आहे. चांगल्या घरची सून, पण घराबाहेर पडून महिलाश्रमाची अधीक्षक होते. शाळेत आम्हा शिक्षिकांत ह्या सिनेमावर इतकं बोलणं व्हायचं, आणि मी मात्र बघितलेला नाही हे सांगायची लाज वाटायची. तो एका रविवारी लागणार होता. मी सकाळीच सगळं उरकून ठेवलं. चार वाजता बसले सुद्धा! पाऊण तास बघितला असेल. मग पाऊस आला. पाऊस आला म्हटल्यावर भजी आलीच. मी पीठ भिजवलं. सुलभा तिकडे आश्रमातल्या बायकांसाठी भांडत होती आणि मी भज्यांची ताटली घेऊन आमचा खरा लाकडी उंबरठा ओलांडत होते. बाहेर ताटली, आत रिकामी ताटली. शेवटी ती घरी परत येते, नवऱ्याचं वेगळंच काही चाललेलं तिला कळतं, आणि ती पुन्हा निघते. हे मला माहीत होतं, मैत्रिणींनी सांगितलेलं. पण तिचा चेहरा मला बघायचा होता. तेवढ्यात आतून जळका वास आला, आणि बाहेरून आवाज आला, "अगं, भजी करपली वाटतं!" मी पळाले. परत आले तेव्हा बातम्यांची वेळ झाली होती.

त्या दिवशी कोणी मला वाईट बोललं नाही. उलट भज्यांचं कौतुकच झालं. माझी तक्रार नेमकी ह्या कौतुकाशीच आहे. 'तुझ्या हातची भजी म्हणजे...' ह्या एका वाक्यानं बायकांना किती रविवार कढईपुढे उभं केलं असेल, विचार करा. आता कोणी म्हणेल, तुम्हीच नाही म्हणायचं होतं. खरं आहे. वर्गात साठ पोरांना गप्प करणारी बाई घरात 'नाही' म्हणायला शिकली ती निवृत्त झाल्यावर. उशिरा का होईना, शिकली.

आणि हे सगळं कुठं, तर कोल्हापूर जिल्ह्यात! सिनेमावर आमच्याइतकी माया कोणाची आहे? बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' इथलाच केला. प्रभात १९२९ साली कोल्हापुरातच निघाली, पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, तोही इथलाच. त्यात दुर्गा खोट्यांनी तारामती केली. घरंदाज बाईनं पडद्यावर यावं ह्यावर त्या काळी किती गदारोळ झाला असेल! बाई पडद्यावर येऊन नव्वद वर्षं उलटली. पडद्यासमोर येऊन बसायला तिला अजून भजी संपायची वाट बघावी लागते.

असो. आता चिरमुऱ्यांकडे वळते, कारण 'चिरमुरे घातलेत होय' ह्या सुरात जो कमीपणा आहे तो मला मान्य नाही.

पुण्याकडे चुरमुरे म्हणतात, मुंबईकडे कुरमुरे. आमच्याकडे चिरमुरे. सहा-सात माणसांना पाव किलोच्या आतबाहेर भरपूर होतात. आधी एक चिरमुरा दाताखाली धरून बघा. कुर्र वाजला तर ठीक, चिवट लागला तर सुपात पसरून अर्धा तास उन्हात ठेवा. परातीत आधी तेल घ्यायचं, चिरमुरे नाही. कच्चं शेंगतेल, घाण्यावरचं असेल तर उत्तम, चार मोठे चमचे. त्यात दोन चमचे भरून कांदा-लसूण चटणी आणि बारीक मीठ घालून बोटांनी चोळायचं आणि पाच मिनिटं तसंच ठेवायचं. ही पाच मिनिटं सोडू नका. मिरचीचा तिखटपणा आणि रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही. म्हणूनच तर तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही. कोरड्या चिरमुऱ्यांवर वरून चटणी भुरभुरली तर ती तळाला जाऊन बसते, पहिली मूठ अळणी आणि शेवटची मूठ डोळ्यांतून पाणी काढणारी.

मग चिरमुरे घालून हलक्या हातानं, खालून वर, तेल प्रत्येक दाण्याला लागेपर्यंत कालवायचे. ह्याला डाव चालत नाही, हातच लागतो. मग खारे शेंगदाणे, फुटाण्याची डाळ, मूठभर बारीक शेव. इथपर्यंत सिनेमाच्या आधी करून झाकून ठेवलं तरी चालतं. ओलं जे आहे ते अगदी शेवटी, नावं पडायला लागली की! दोन कांदे बारीक चिरून, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि आंबट. चैत्र-वैशाखात कैरीचा कीस, एरवी दीड लिंबू. दोन्ही नसेल तर चिंच दुपारीच पाण्यात भिजत टाकून तिचा दाट कोळ. आंबट वाटलं की चिमूटभर साखर.

कांदा-लिंबू शेवटी का? चिरमुरा आतून पोकळ. पाणी लागलं की क्षणात शोषतो आणि बसतो. आधी तेल लागलेलं असलं की पाणी आत शिरायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात परात संपते. आमची नात म्हणाली, "आज्जी, हे सायन्स आहे." म्हटलं, आहेच. तुझ्या पणजीला सायन्स म्हणतात हे माहीत नव्हतं, पण कांदा आधी घातला तर ती हातावर फटका मारायची.

कोल्हापुरात खासबागेत भेळ खाल्लेल्यांना ह्यात नवं काही वाटणार नाही. तिथल्या भेळेची सर ह्याला येत नाही हेही मी कबूल करते. पण तिथला माणूस आपल्यासाठी उभा असतो आणि उभं राहण्याचे पैसे घेतो, हा फरक आहे.

आता आक्षेप. पुतण्याचं म्हणणं असं की, "काकू, एवढं कशाला? मोबाईलवरून मागवायचं. कोणालाच उठायला नको." वरवर बरोबर वाटतं. पण मी गेल्या दिवाळीत नीट लक्ष ठेवलं होतं. मागवलेलं येतं ते नेमकं सिनेमाच्या मध्यावर. बेल वाजते. दार उघडायला कोण उठलं? सूनबाई. पिशव्या सोडून ताटल्यांत कोणी काढलं? सूनबाई. वडे गार झाले होते, ते 'जरा गरम करून' कोणी आणले? तर मग हे काय सुटलं? गॅस तेवढा सुटला, बाई आतच राहिली.

पॉपकॉर्नवाल्यांशी माझं फार भांडण नाही. मका आहे, बिचारा फुटतो. पण आंबट नाही, कांदा नाही, आणि प्रत्येकाच्या मांडीवर आपापला डबा. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं खुलासा केला होता, मीठ-मसाल्याच्या सुट्या लाह्यांवर पाच टक्के, पाकीटबंद लेबल लावलेल्यांवर बारा, आणि साखरेत घोळवलेल्या कॅरमेलवाल्यांवर अठरा. पुढे २०२५ मध्ये करांची रचना बदलली. पण एका लाहीचे तीन वर्ग पाडलेले वाचून मला आमच्या शाळेतल्या अ, ब, क तुकड्या आठवल्या. थिएटरात बाहेरचं खाणं नेण्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगून टाकलं की मालकाला मनाई करायचा अधिकार आहे, पिण्याचं पाणी मात्र त्यानं फुकट द्यावं. जिलेबी खाऊन हात खुर्चीला पुसले तर काय, असं उदाहरण न्यायमूर्तींनी दिलं होतं. मला पटलं. तेल-चटणीचे हात कुठं पुसले जातात हे आमच्या सोप्यातल्या तक्क्यांना विचारा. मालकाच्या जागेत मालकाचा नियम, एवढंच मी त्यातून उचलते. आमच्या सोप्याची मालकीण मी आहे.

सगळ्यात जड आक्षेप मात्र सूनबाईनंच घेतला. चहा पिताना हळूच म्हणाली, "आई, गॅस पेटवला नाही म्हणता, पण चटणी कोणी केली?"

ह्यावर मी गप्प झाले. कारण तिचं बरोबर होतं. कांदा-लसूण चटणी म्हणजे एप्रिलातल्या दोन दिवसांची कंबरमोड. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, खोबरं-तीळ-धणे भाजायचे, कांदा तळायचा, मग डंकावर रांग लावून कांडून आणायची. शिंका, डोळे, हातांची आग. चिरमुऱ्याचंही तेच. कुठल्या तरी भट्टीवर तापलेल्या वाळूत कोणीतरी घाम गाळत तांदूळ फुलवलेला असतो, म्हणून माझ्या परातीत तो तयार येतो. विस्तव कुठं चुकत नाही.

दोन दिवस विचार केला, आणि माझं उत्तर असं आहे. चटणी आम्ही जावा-जावा मिळून करतो, गप्पा मारत, आमच्या सोयीच्या दिवशी. ती वर्षभर पुरते. तिच्यासाठी कोणी मला सिनेमातून उठवत नाही. कष्टाला मी कधीच नाही म्हटलं नव्हतं, वन्सं. सगळे बसलेले असताना एकटीनं उठायला माझी ना आहे. तरीही सूनबाईचा मुद्दा पुरता सुटत नाही, म्हणून ह्या एप्रिलात देठं काढायला चिरंजीवांना बोलावलं आहे. रजा टाकतो म्हणालेत. बघू.

आणखी एक कबुली. आषाढ-श्रावणात इथं ऊन दिसत नाही, चिरमुरे सादळतात, मग ते कढईत कोरडे गरम करून घ्यावे लागतात. म्हणजे पावसाळ्यात माझा दावा थोडा लंगडा पडतो. पण ते काम दुपारचं. चार वाजल्यानंतर आमच्या घरी गॅसला हात लावायचा नाही, असा आता नियम आहे, आणि कोणाला गरमागरमच पाहिजे असेल त्यानं उठावं, तळावं आणि येताना सगळ्यांसाठी आणावं. कढई कुठं असते ते मी दाखवून ठेवलं आहे. चिरंजीवांना वय वर्षं पंचेचाळीसमध्ये आपल्याच घरातली कढई प्रथम दिसली.

रविवारी ती सगळी परत जायच्या आधी दुपारी सूनबाईनं विचारलं, "आई, तुमचा तो 'उंबरठा' लावू?" नातीनं शोधून दिला. आम्ही तिघी बसलो, मध्ये परात. हे खुर्चीत होते. शेवटाला मला डोळ्यांना पदर लावावा लागला. नात म्हणाली, "आज्जी, चटणी जास्त झाली का?" मी म्हटलं, हो, झाली थोडी. ह्यांनी काही न बोलता उठून चहा टाकला. साखर विसरले. आम्ही तसाच प्यालो.

पुढच्या महिन्यात पोरं पुन्हा येणार आहेत. 'सामना' बघायचा ठरला आहे. कांदा चिरायची पाळी थोरल्याची आहे, सुरीला धार लावून ठेवली आहे. वन्सं, तुम्हीही या. येताना लिंबं आणा, इथं सध्या फार महाग आहेत.